मोटारीचा सौदा



आपल्याकडील बैलबाजारांत सौदा करण्याची एक जुनी रीत होती. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचें टोंक टाकीत आणि त्या आडोशाखालीं बोटांच्या खुणांनीं एकमेकांना आंकडे सांगत. भोंवतीं शंभर माणसें उभीं असलीं तरी किंमत त्या दोघांना आणि दलालाला, एवढ्यांनाच कळे. बैलाचे दांत मात्र सर्वांसमक्ष पाहिले जात. मोटारीच्या व्यापारांतहि कांहींसें असेंच आहे. यंत्राची ताकद, वेग, रंग, आंतील गाद्यागिरद्या, सारें कांचेच्या मोठ्या दालनांत दिवे लावून दाखविलें जातें. परंतु शेवटीं कोणाला ती कितीला पडली, हें शेजाऱ्यालाहि कळत नाहीं. रुमाल अजून हातावरून निघालेला नाहीं.

आजचा माझा विषय हाच आहे. नवी, वेगवान, उंची मोटार घेतांना तिची किंमत आणि तिच्या भाडेपट्ट्याच्या अटी कशा ठरतात, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे त्या कोणाच्या जोरावर ठरतात, याचा थोडा इतिहास मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे. मी अंबडचा रहिवासी. मुंबई-आग्रा रस्त्यालगत मोटारींचीं विक्रीदालनें आणि वसाहतींत मोटारींचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने, या दोहोंच्या मधें आमची वस्ती. त्यामुळें या व्यवहाराचीं दोन्ही टोंकें रोज दृष्टीस पडतात.

प्रथम दोन प्रसंग सांगतों. पहिला ऑक्टोबर २०१० मधला, औरंगाबादचा. (या शहराचें नांव २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर असें आहे, पण तो प्रसंग गाजला तो जुन्या नांवानें, म्हणून येथें तेंच ठेवतों.) तेथील दीडशें गिऱ्हाइकांनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. एकंदर सौदा सुमारें ६५ कोटि रुपयांचा. दुसरा प्रसंग बरोबर पंधरा वर्षांनंतरचा, ऑक्टोबर २०२५ चा. स्कोडा कंपनीनें ऑक्टेव्हिया आरएस नांवाची वेगवान मोटार भारतासाठीं अवघी शंभर आणण्याचें ठरविलें. ६ ऑक्टोबरला नोंदणी उघडली, आणि पाहतां पाहतां शंभरच्या शंभर गाड्या संपल्या. किंमत जाहीर झाली ती त्यानंतर, १७ ऑक्टोबरला: ४९ लक्ष ९९ हजार रुपये. म्हणजे पहिल्या वेळीं घेणाऱ्यांनीं विकणाऱ्याला वाटाघाटीस बसविलें. दुसऱ्या वेळीं घेणाऱ्यांनीं किंमत कानीं पडण्यापूर्वींच विसार देऊन टाकला. दोन्हीकडे माणसें सधन, दोन्हीकडे मोटार हौसेची. मग हा फरक कां पडला?

याचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

मोटारीच्या किंमतीवर घासाघीस करण्याची संधि भारतीय गिऱ्हाइकाला फार उशिरा मिळाली. १९२८ सालीं अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत सुटे भाग आणून मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. परदेशीं बनलेली वस्तु, येथील विक्रेते मोजके, आणि घेणारे संस्थानिक, वकील, डॉक्टर किंवा गिरणीवाले. पुढें सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारनें धोरण ठरविलें कीं, जे कारखाने केवळ परदेशी भाग जुळवितात, येथें घडवीत नाहींत, त्यांनीं आपला गाशा गुंडाळावा. १९५४ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईचें काम बंद केलें. मग गिऱ्हाइकापुढें राहिल्या मुख्यतः तीन कंपन्या: कलकत्त्याकडची हिंदुस्तान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. धोरणामागचा हेतु स्वदेशी होता व तो चांगलाच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, गिऱ्हाईक रांगेंत उभें राहिलें आणि तें तेथून पुढें तीस वर्षें हललें नाहीं.

रांगेंतला माणूस घासाघीस करीत नाहीं. हें सूत्र आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढील सर्व गोष्टी याच्याभोंवतीं फिरतात. १९५९ सालीं सरकारनें मोटारींच्या वांटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. नांव नोंदवावें, वर्षानुवर्षें वाट पाहावी, आणि मोटार हातीं आल्यावरहि ठराविक मुदतीपर्यंत ती विकूं नये, असा निर्बंध. विकूं नये असें सांगावें लागलें याचें कारण उघड आहे: फियाट मोटार दारांत येऊन उभी राहिली कीं तिची किंमत पेढीवरील किंमतीपेक्षां वाढत असे. जुनी वस्तु नव्यापेक्षां महाग, असा उफराटा बाजार आपल्या पिढीनें पाहिला आहे. ज्यांना ‘वरचे पैसे’ म्हणत, ते याच रांगेचें अपत्य.

१९६९ मध्यें सरकारनें किंमतीच कायद्यानें बांधून दिल्या. तेव्हां कारखानदार सर्वोच्च न्यायालयांत गेले. मोटार बनविण्यास खरोखर किती खर्च येतो, याची चौकशी करण्यासाठीं आयोग नेमला गेला, आणि नोव्हेंबर १९७१ मध्यें न्यायालयानें त्यावर निकाल दिला. मला हा खटला फार मनोरंजक वाटतो. जो हिशेब विक्रेता गिऱ्हाइकाला कधींहि दाखवीत नाहीं, तो, म्हणजे पोलाद कितीचें, मजुरी किती, भांडवलावर नफा किती, येथें न्यायासनापुढें उलगडून ठेवावा लागला. गिऱ्हाइकाच्या हातीं मात्र त्यांतलें कांहीं आलें नाहीं. १९७५ मध्यें किंमतींवरील बंधन उठलें आणि रांग तशीच राहिली.

१९८३ सालीं मारुति आली. पहिल्या दोन महिन्यांतच सुमारें १ लक्ष ३५ हजार लोकांनीं दहा-दहा हजार रुपये भरून नांवें नोंदविलीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या स्वाधीन झाली. किंमत ४७,५०० रुपये. गाडी चांगली होती, पण घासाघिशीच्या दृष्टीनें पाहिलें तर ही रांगेची नवी शाखाच होय.

रांग खऱ्या अर्थानें मोडली ती १९९३ मध्यें मोटारींचा परवाना रद्द झाल्यानंतर, आणि विशेषतः १९९८ मध्यें. त्या वर्षीं सप्टेंबरांत ह्युंदाईची सँट्रो आली, डिसेंबरांत पुण्याच्या टाटा कारखान्याची इंडिका आली, आणि त्याच डिसेंबरांत मारुतीनें आपल्या लहान मोटारीच्या किंमती उतरविल्या. चढत राहण्याचीच संवय असलेली किंमत खालीं आली! ज्यांनीं आदल्या महिन्यांत पैसे भरले असतील त्यांची चुटपुट मी समजूं शकतों.

येथून पुढें विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची गरज लागूं लागली, आणि दालनांत खुर्ची, चहा व ‘किती कमी करूं, साहेब?’ हा प्रश्न आला. परंतु कोणत्या रकमेवर बोलावें आणि कोणत्या रकमेवर बोलूं नये, हें गिऱ्हाइकाला कोणीं शिकविलेलें नव्हतें. अमेरिकेंत १९५८ सालीं कायदा झाला कीं, प्रत्येक नव्या मोटारीच्या कांचेवर कारखान्याची शिफारस केलेली किंमत, जोडसामानाची किंमत आणि वाहतुकीचा खर्च लिहिलेला कागद चिकटविला पाहिजे. तेथें घासाघीस होते ती त्या कागदाच्या आंकड्यापासून खालीं. आपल्याकडे साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किंमत छापलेली असते. पन्नास लक्षांच्या मोटारीवर ती कोठें आढळत नाहीं. विक्रेता एक कोरा कागद पुढें ओढतो आणि त्यावर आंकडे उतरवितो.

त्या कागदावरील पहिली रक्कम दालनांतील किंमत. तिच्यांतच सरकारी कर सामावलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर तो शेंकडा ४० आहे. त्याखालीं राज्य सरकारचा एकरकमी रस्ता-कर आणि नोंदणीची फी. या सरकारी रकमांवर विक्रेत्याशीं वाद घालणें म्हणजे पोस्टमनशीं तिकिटाच्या किंमतीबद्दल भांडणें. खरा वाव आहे तो विक्रेत्याच्या नफ्यांत, कारखान्यानें त्याला दिलेल्या उत्तेजनार्थ रकमेंत, विम्यांत आणि जोडसामानांत. विम्याचा त्रयस्थाच्या नुकसानीचा भाग सरकारी दरानें ठरतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीगणिक बदलतो, आणि विमा विक्रेत्याकडूनच उतरविला पाहिजे असें कोणत्याहि कायद्यांत नाहीं. हें ठाऊक असलेला माणूस दोन पत्रें घेऊन येतो, आणि दुसरें पत्र पुढें ठेवतांच पहिल्याचा आंकडा खालीं येतो.

आपल्या घरांतून या व्यवहाराला आणखी एक पैलू आहे, तो मुहूर्ताचा. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. मोटार त्याच दिवशीं दारीं यावी, तिला हार घालावा, चाकाखालीं लिंबू ठेवावें, ही इच्छा गोड आहे आणि मी तिची थट्टा करणार नाहीं. परंतु ज्याला अमुक दिवशींच गाडी पाहिजे, त्यानें आपला रुमाल आपणच दूर केला. विक्रेत्याला आपली घाई दिसली कीं सौदा तेथेंच संपतो. उलट डिसेंबरच्या शेवटीं, जेव्हां गाडीवरचें उत्पादनवर्ष जुनें होण्यास चारच दिवस उरतात, तेव्हां घाई विक्रेत्याला असते.

आतां औरंगाबादच्या प्रसंगाकडे वळूं.

औरंगाबादला वेगवान मोटारी नवीन नव्हत्या. शहराजवळच्या शेंद्रा येथें स्कोडाचा कारखाना २००१ पासून होता, आणि तेथील ऑक्टेव्हियाची जलद आवृत्ति २००४ सालींच भारतीय रस्त्यांवर आली होती. मर्सिडीज कंपनीहि महाराष्ट्रांतलीच म्हणावयाची. १९९४ पासून ती पुण्यास आहे आणि २००९ पासून तिचा कारखाना चाकणला. असें असूनहि मराठवाड्यांतल्या शहरांत दीडशें मर्सिडीज एका झटक्यांत खपतील, असें कोणालाहि वाटलें नसेल. गाड्या सुमारें ३० लक्षांपासून ७० लक्षांपर्यंतच्या. ६५ कोटींना १५० नीं भागलें तर दर गाडीस सरासरी ४३ लक्षांहून थोडी अधिक रक्कम येते.

एकटा गिऱ्हाईक दालनांत गेला तर ‘नको’ म्हणून परत फिरण्याची त्याची धमकी एका गाडीइतकीच असते. दीडशें जण एकत्र गेले कीं ती धमकी साठ-पासष्ट कोटींची होते. पण खरी मेख किंमतीपेक्षां कर्जाच्या व्याजांत होती. स्टेट बँकेनें या गिऱ्हाइकांना मिळून ४० कोटींहून अधिक कर्ज दिलें, आणि तें शेंकडा ७ दरानें. आम्ही शाळेंत व्याजाचीं उदाहरणें फळ्यावर घालीत असूं; तसेंच एक येथें घालतों. ३० लक्षांचें कर्ज, मुदत पांच वर्षें. शेंकडा १२ दरानें मासिक हप्ता ६६,७३३ रुपये होतो. शेंकडा ७ दरानें ५९,४०४. महिन्याला ७,३२९ रुपयांचा फरक, आणि साठ हप्त्यांचा मिळून सुमारें ४ लक्ष ४० हजार. दालनांतील विक्रेत्याशीं कितीहि गोड बोललें तरी एवढी सूट एका गाडीवर सहसा सुटत नाहीं. दीडशेंजणांनीं ती बँकेकडून काढली. सौदा कोठें करावा हें त्यांना नीट कळलें होतें, हें मान्य केलें पाहिजे.

या बातमीचें त्या वेळीं पुष्कळ कौतुक झालें. परंतु त्याच वर्षीं डिसेंबरांत पत्रकार पी. साईनाथ यांनीं ‘द हिंदू’ दैनिकांत तिची दुसरी बाजू मांडली. त्याच मराठवाड्यांतल्या लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टरासाठीं जें कर्ज मिळालें होतें, त्याचा दर जवळजवळ सोळा टक्के होता. ट्रॅक्टर शेतांत राबणार, मोटार रस्त्यावर मिरविणार; आणि व्याज नेमकें उलट! बँकेचा युक्तिवाद असा असूं शकतो कीं, उंची मोटार घेणाराचें उत्पन्न ठराविक असतें, त्याची पत मोठी असते, आणि शेतकऱ्याचें उत्पन्न पावसावर. तो युक्तिवाद हिशेबाच्या वहींत बरोबर ठरेल. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मोटारवाले दीडशें जण बँकेपुढें एकत्र बसले होते. ट्रॅक्टरवाला एकटा उभा होता. त्याला दर कोणीं विचारला नाहीं, सांगितला.

हप्त्याच्या व्यवहारांत व्याजाचा दर सांगण्याच्याहि दोन पद्धति आहेत, आणि घरोघरीं त्यांची गल्लत होते. दहा लक्षांचें कर्ज पांच वर्षांसाठीं ‘सरसकट सात टक्के’ दरानें दिलें, म्हणजे व्याज साडेतीन लक्ष, एकंदर साडेतेरा लक्ष, हप्ता २२,५००. ऐकावयास सात टक्के. परंतु दर महिन्याला मुद्दल कमी होत असतांहि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर मोजलेलें असतें. उरलेल्या मुद्दलावर मोजलें तर हाच दर शेंकडा साडेबाराच्या आसपास जातो. औरंगाबादचे सात आणि हे सात, यांत हा फरक.

अशा गोष्टी करारांत स्पष्ट लिहाव्यात म्हणून संसदेनें १९७२ सालीं हप्तेबंदीच्या खरेदीचा कायदा केला होता. रोखीची किंमत किती, हप्त्यांची मिळून किंमत किती, हप्ते किती, हें सर्व करारांत नमूद करावें असें त्यांत होतें. तो कायदा कधींच अंमलांत आला नाहीं आणि २००५ सालीं रद्द करण्यांत आला. तेहतीस वर्षें एक शहाणा कायदा कपाटांत राहिला!

भाडेपट्ट्याची रीत याहून निराळी. आपल्या शेतकऱ्याला खंडाची पद्धत ठाऊक आहे: जमीन मालकाची, कसणारा ठराविक खंड देतो, मुदत संपली कीं जमीन परत. मोटारीचा भाडेपट्टा तोच. फरक एवढाच कीं जमीन झिजत नाहीं, मोटार झिजते. भारतांत या धंद्याचा आरंभ १९७३ सालीं मद्रासच्या फर्स्ट लीझिंग कंपनीनें केला. आरंभीं यंत्रसामग्री भाड्यानें देणें हेंच त्याचें मुख्य स्वरूप. नंतर मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठीं मोटारी पट्ट्यानें घेऊं लागल्या, आणि २०२० मध्यें मारुतीसारख्या सर्वसामान्यांच्या कंपनीनेंहि मासिक भाड्याची योजना काढली. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५१ व्या कलमाप्रमाणें असा करार नोंदणीच्या दाखल्यावर लिहिला जातो. तो वाचला म्हणजे गाडी कोणाची आणि चालविणारा कोण, हें समजतें.

भाडेपट्ट्याचा हप्ता ऐकतांना लहान वाटतो, कारण त्यांत सबंध मोटारीची किंमत नसते. मुदतींत ती जेवढी उतरेल तेवढीच, अधिक व्याज. म्हणून सर्व खेळ एका आंकड्यावर: मुदतीअखेर तिची किंमत किती धरावयाची? समजा गाडी २० लक्षांची, मुदत तीन वर्षें, अखेरची किंमत १० लक्ष धरली, व्याज शेंकडा १२. तर महिन्याची घट २७,७७८ आणि व्याजाचे स्थूलमानानें १५,०००, मिळून ४२,७७८ रुपये. त्यावर कर निराळा. आतां पट्टा देणाऱ्यानें अखेरची किंमत १० ऐवजीं ९ लक्ष धरली, तर हप्ता ४५,०५६ होतो. एका आंकड्याच्या फरकानें तीन वर्षांत ८२,००० रुपये गेले, आणि पट्टा घेणाऱ्यानें त्याकडे पाहिलेंहि नाहीं; कारण त्याचें सारें लक्ष रंगाकडे आणि चाकांच्या चकाकीकडे.

येथें बोलणी करणाराच्या हातीं एक चांगलें हत्यार आहे. विम्यासाठीं मोटारीची उतरती किंमत ठरविण्याचें एक कोष्टक आपल्याकडे रूढ आहे. दुसऱ्या वर्षांत यादींतील किंमतींतून २० टक्के वजा, तिसऱ्या वर्षांत ३० टक्के, चौथ्यांत ४०, पांचव्यांत ५०. म्हणजे जी गाडी तिसऱ्या वर्षीं विम्याच्या दृष्टीनें १४ लक्षांची, ती पट्ट्याच्या दृष्टीनें दहाची कां, हा प्रश्न विचारतां येतो. उत्तर असें मिळेल कीं, वेगवान गाडी चालविणारा ती दामटतो, टायर व ब्रेक लवकर झिजतात, आणि जुनी घेणारे गिऱ्हाईक थोडें. त्यांत तथ्य आहे. तरी विचारल्याशिवाय आंकडा हलत नाहीं.

मुदतीपूर्वीं गाडी परत केल्यास दंड किती, वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा, त्यावर दर किलोमीटरला काय आकार, आणि ओरखडा कोणता क्षम्य व कोणता अक्षम्य, या अटी करारांत शेवटच्या पानांवर असतात. त्या वाचणें कंटाळवाणें आहे, हें मला मान्य. पण भाड्याचा आंकडा एका पानावर ठरतो आणि भांडण या पानांवरून होतें.

अखेरची किंमत म्हणजे काय, हें कोणाला डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर अंबड-सातपूर जोडरस्त्यावरचा भंगारबाजार हें त्याचें ठिकाण होतें. जानेवारी २०१७ मध्यें महानगरपालिकेनें तो हटविला. जिच्यासाठीं कधीं कोणीं रांग लावली असेल अशा मोटारीचीं दारें आणि चाकें शेवटीं अशाच बाजारांत येतात, आणि लोखंडाच्या भावानें किलोवर जातात. तेथें हुद्दा नाहीं, मुहूर्त नाहीं.

आतां पुन्हा रांगेकडे. ती मोडली असें मीं वर म्हटलें. पण ती केवळ आपली जागा बदलून राहिली आहे. आमच्या नाशिकच्या महिंद्र कारखान्यांत बनणारी नवी थार मोटार २ ऑक्टोबर २०२० रोजीं बाजारांत आली. तिची किंमत सुमारें पावणेदहा लक्षांपासून पावणेचौदा लक्षांपर्यंत. पहिल्या क्रमांकाची थार मात्र लिलावांत १ कोटि ११ लक्षांना गेली. पैसा परोपकाराच्या कामास जाणार होता, हें खरें, आणि त्यासाठीं देणाऱ्याचें कौतुकच केलें पाहिजे. परंतु त्यानंतर साध्या थारसाठींहि लोक महिनेच्या महिने वाट पाहत राहिले, आणि वाट पाहणाऱ्याला सूट कोण देतो? पुढें चाकणला बनणाऱ्या नव्या स्कॉर्पिओची नोंदणी ३० जुलै २०२२ रोजीं उघडली, तेव्हां अर्ध्या तासांत एक लक्ष नोंदी झाल्या. आरंभींची किंमत पहिल्या पंचवीस हजारांपुरतीच ठेवलेली होती. नियंत्रणाच्या काळांत रांग सरकारच्या तुटवड्यानें लागे. आतां ती कारखाना स्वतःच लावतो: शंभरच गाड्या आणावयाच्या, पंचवीस हजारांनाच जुना भाव द्यावयाचा. ऑक्टेव्हिया आरएसच्या शंभर गिऱ्हाइकांनीं किंमत विचारली नाहीं याचें कारण त्यांच्या श्रीमंतींत नाहीं. एकशेंएकावा माणूस त्यांच्या पाठीशीं उभा होता, यांत आहे.

आणि या सर्व सौद्यांच्या मुळाशीं आणखी एक सौदा आहे, जो दालनांत होत नाहीं. मोटारीचा कंस, नळी, दांतचक्र, रबरी कडी असे भाग अंबड-सातपूरच्या वसाहतींतील शेंकडों लहान कारखान्यांत होतात. २००२ सालीं नाशकांतून स्कॉर्पिओ बाहेर पडली तेव्हांपासून तर या कामाला चांगलाच वेग आला. मोटारीचा एखादा भाग रुपयांचा, कांहींचा पैशांचा. आणि मोठा कारखाना दर वर्षीं त्यांत कांहीं टक्के कमी करा म्हणून सांगतो, ही या धंद्यांतली जगभरची रूढि आहे. दालनांत गिऱ्हाइकाला पन्नास हजारांची सूट मिळाली कीं तिचा कांहीं अंश येथवर उतरतो. लघुउद्योगांसाठीं २००६ सालीं कायदा झाला कीं, मालाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आंत द्यावेत, न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें. व्याज मागण्याचा हक्क कायद्यानें दिला; पुढच्या वर्षींची मागणी मिळेल याची हमी कायदा देऊं शकत नाहीं, आणि लहान कारखानदार म्हणून व्याज मागत नाहीं.

त्याच्या कारखान्यांत तीन-चार यंत्रें असतात, त्यांवर बँकेचें कर्ज असतें, आणि यंत्र एकाच गिऱ्हाइकाच्या भागासाठीं जुळविलेलें असतें. तो ‘नको’ म्हणून उठूं शकत नाहीं. अंबडला इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, तेथें अनेकजण मिळून तपासणीचीं महागडीं यंत्रें वापरतात. माल तपासण्यासाठीं एकत्र येण्याची रीत अशी येथें पडली आहे. भाव ठरविण्याच्या खोलींत मात्र प्रत्येकजण आपापली वही घेऊन एकटाच जातो, आणि बाहेर आल्यावर शेजारच्या कारखानदाराला तो आंकडा सांगत नाहीं.